घुंगरू पोटात

मी आज ज्या खुर्चीवर बसतो ती ज्यांच्यामुळे मिळाली, ते आमचे लॅबमधले सर. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसतं सर. सर कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याच्या शर्टाचं दुसरं बटण दोन बोटांत धरायचे, हलकासा पीळ द्यायचे, ओढायचे आणि तोंडाकडे बघून विचारायचे, "निघतंय का?" मंचरच्या बाजारात त्यांना ओळखणारी माणसं लांबूनच छातीवर हात ठेवायची. अनोळखी लोकांना वाटायचं, केवढा मान आहे या माणसाला!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मंचरजवळ हायवेला खेळण्यांचा एक कारखाना होता आणि त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आमची लॅब. तिथे दिवसभर खेळणी तोडायचं काम चाले. बाहुलीचे डोळे ओढायचे, गाडीची चाकं पिळायची, हत्ती उंचावरून फरशीवर टाकायचा. जे निघेल ते नळीत सोडायचं. ही नळी धातूची, मुठीत मावेल एवढी, आत तिरका तळ. तीन वर्षांखालच्या मुलाचा घसा डोळ्यांसमोर ठेवून तिचं माप ठरवलेलं. निघालेला तुकडा न दाबता तिच्यात पूर्ण मावला, की खेळणं नापास. मग ते कितीही देखणं असो. "निघालं का? मंग गेलंच तोंडात," सर म्हणायचे. सर आळे या गावचे. इंग्रजी रिपोर्ट झरझर लिहायचे, पण बोलणं गावचंच ठेवलं होतं.

मी पिंपरी पेंढारचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बी.एस्सी. झालो तेव्हा गवंडीकाम करणाऱ्या वडिलांनी गुणपत्रिका लांबूनच पाहिली, हात सिमेंटचे होते म्हणून. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी सरांसमोर मुलाखतीला उभा राहिलो. त्यांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. बटण धरलं, ओढलं, आणि ते त्यांच्या हातात आलं.

"निघालं," ते म्हणाले. "कुणी लावलं व्हतं?"

"मीच, सर."

"मंग लाव परत."

त्यांनी ड्रॉवरमधून सुई-दोरा काढून दिला. स्टुलावर बसून, अंगातला शर्ट न काढता, हनुवटी छातीला टेकवून मी ते बटण लावलं. सरांनी त्याला ओढ मोजायचा काटा अडकवला आणि ओढायला सुरुवात केली. बटण हललं नाही. स्टुलासकट मीच पुढे सरकलो!

"बटण पास," सर खूश होऊन म्हणाले. "सोमवारपास्नं ये." माझं नाव त्यांनी नंतर विचारलं. विचारलं खरं, पण हाक शेवटपर्यंत 'बटण' अशीच मारली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचं काम सुट्टीच्या दिवशीही बोटांतून उतरत नाही. सर बारशाला गेले की बायका पाळण्यावरचं टांगत्या चिमण्यांचं चिमणाळं हळूच वर गुंडाळायच्या. सर ते खाली ओढून घेणारच! एकदा एका आजीने बाळाच्या मनगटातले काळे मणी दोन्ही हातांनी झाकले. "दृष्टीचं हाय ते, वडू नगा." सर हात जोडून म्हणाले, "आजी, दृष्ट मी नाय काढत. मी मणी काढतो." आजी हसल्या, आणि सरांनी ते मणी पक्क्या दोऱ्यात ओवून दिले, मगच मांडव सोडला.

आता बैलाची गोष्ट.

डिंभ्याला माझी आत्या दिलेली. धरणाकडेच्या त्या गावात तिने आणि शेजारणींनी शिवणाचा गट काढला होता. सगळ्या मिळून कापडाचे बैल करायच्या. काय बैल! भरलेलं वशिंड, पाठीवर रंगीत झूल, शिंगांच्या टोकांना चकचकीत पितळी शेंब्या आणि गळ्यात घुंगरं. आमच्या मालकांना बैल पसंत पडला. रांगत्या मुलांची खेळणी घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकालाही फोटोत आवडला. नमुना लॅबमधून पास झाला, की गटाला वर्षभराचं काम मिळणार होतं. गटातल्या निम्म्या बायकांची जमीन धरणात गेलेली. मी आत्याला सांगून बसलो, "झालंच म्हणून समज!"

सरांनी बैल हातात घेतला, कानाशी नेऊन वाजवला. "काय देखणा बैल हाय रे, बटण!" मग काटा अडकवला. आधी एक घुंगरू निघालं, मग शेंबी. नळीत टण् टण् असे दोन आवाज झाले.

"नापास."

"सर, माझ्या आत्याचा बैल आहे."

"मंग तर नीट वडला पायजे." आणि त्यांनी दुसरी शेंबीही काढली.

मालक म्हणाले, घुंगरं आणि शेंब्या काढून टाका, विषय संपला. मी तसा निरोप घेऊन डिंभ्याला गेलो. आत्याने बैल माझ्या हातातून ओढून घेतला.

"बिनघुंगराचा बैल? आरं, हा तर इकलेला बैल झाला!"

आमच्याकडे बाजारात बैल विकला, की मालक त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून घेतो आणि ती घरी आणून खुंटीला अडकवतो. मोकळ्या गळ्याचा बैल म्हणजे दुसऱ्याचा झालेला. "लेकराला पयलाच बैल द्यायचा, न् तोबी परका?" आत्या म्हणाली. "आमी न्हाई शिवायचो. काम गेलं तर गेलं."

वाटलं, सर चिडतील. मी सगळं सांगितल्यावर ते उठून उभेच राहिले. "बाई बरोबर बोलत्यात! चल डिंभ्याला." बस आली नाही, तेव्हा आम्ही मासे न्यायला निघालेल्या टेम्पोत बसून गेलो.

ओसरीवर बायका आधीच जमल्या होत्या. सरांनी बैलाकडे हात नेताच एकजण म्हणाली, "या पावणं. आजून शिंगं ऱ्हायल्यात, तीबी उपटा!" सगळ्या खो खो हसल्या. सरही हसले आणि त्यांनी खिशातून नळी काढून मधोमध ठेवली.

"हा लेकराचा घसा," ते म्हणाले. "घरात जे काय आसंल ते आणा. टाका यात. बघू काय मावतंय."

मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळी आळी धावत सुटली! चिंचोका आला, सुपारी आली, ब्लाउजचं हूक, पेनचं टोपण, रेडिओचं बटण. "ह्ये मावलं गं बया!" "माझा लिंबू न्हाई मावला!" एक म्हातारा आपली तपकिरीची डबी घेऊन आला आणि ती वरच अडकली तशी पैज जिंकल्यासारखा ओरडला. एकीने कानातली कुडी काढून नळीत टाकली. कुडी सरळ तळाला गेली. तिने कडेवरच्या लेकीकडे पाहिलं, कुडी उचलली आणि कानात न घालता कनवटीला लावली.

आत्या शेवटी पुढे आली. तिने स्वतःच्या हातांनी शिवलेल्या बैलाची शेंबी नळीत सोडली. टण्. आत्याने नळी उचलून आत डोळा लावून पाहिलं, कितीतरी वेळ.

"घुंगरू गळ्यात नगं ना?" ती म्हणाली. "मंग पोटात घालू."

"शिवण उसवली तर?" सरांनी लगेच विचारलं.

"तर डबीत घालून घालू. ह्या बाबाच्या डबीवानी. घशात न मावणाऱ्या."

सरांनी मांडीवर अशी थाप मारली, की कोंबड्या उडाल्या. आमच्या कारखान्यात खुळखुळ्यांचे पोकळ गोळे होतेच, नळीच्या तोंडापेक्षा चांगले मोठे! शेंब्यांच्या जागी बायकांनी शिंगांची टोकं पिवळ्या दोऱ्याने दाट भरली. लांबून पाहिलं तर पितळच.

नवा बैल लॅबमध्ये आला त्या दिवशी आत्याही आली, दाराशी उभी. सरांनी तिच्यादेखत शिंगं ओढली, कान पिळले, शिवण ताणली. काहीच निघेना. मग पोट मुद्दाम कात्रीने उसवून आतला गोळा काढला, आपटला, दाबला, नळीवर ठेवला. गोळा वरच बसून राहिला. शेवटी दुसरा नमुना त्यांनी उंचावरून फरशीवर टाकला, आणि पडता पडता तो वाजला. सरांनी पुन्हा टाकला. पुन्हा वाजला. त्यानंतर त्यांनी तो आणखी कितीदा टाकला, त्याची चाचणीला काही गरज नव्हती!

"वाजतोय, बाई! निघत नाय, पण वाजतोय!"

"मंग?" आत्या म्हणाली. "घरचा हाय त्यो."

पुढे सर निवृत्त झाले आणि मुलीकडे नागपूरला राहायला गेले. निरोपाच्या दिवशी दारातून परत आले, माझं बटण धरलं, ओढलं आणि गेले. आता मंचरच्या बाजारात कुणी छातीवर हात ठेवत नाही. त्यांना मी अलीकडेच पाठवलेलं पत्र इथे देतो.

"ती. सरांना सा. न. वि. वि.

काल माझी मुलगी तीन वर्षांची झाली. आपल्या नियमाने ती आता नळीच्या बाहेर आली. घरात पेढे वाटले ते वाढदिवसाचे. माझ्या मनात हे दुसरं कारणही होतं, ते फक्त तुम्हाला कळेल.

आत्याने दिलेला बैल तिने तीन वर्षं चघळला. झुलीचा रंग गेला, एक शिंग चपटं झालं, कान दातांनी झिजला. रात्री कूस बदलली की बैल वाजतो आणि आम्हाला कळतं, पोर जागी आहे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. गेल्या महिन्यात शेपटी निघाली. तिच्या मुठीत सापडली. मी ती खिशात घालून दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेली आणि सगळ्यांसमोर नळीत सोडली.

वर राहिली, सर.

आपला,
बटण"