शूईने लावलेले आकडे

सातवीच्या गणिताच्या पुस्तकात मागे छापलेले एक उत्तर चुकीचे होते. वर्गातल्या सगळ्या मुलींनी गणित इकडून तिकडून वाकवून तेच उत्तर आणले. वहीबाने मात्र पुस्तक माझ्या टेबलावर आपटले आणि म्हणाली, "बाई, हे छापणाऱ्याला बोलवा." तेव्हा ती बारा वर्षांची होती. आज चौतीसची आहे आणि अजून तो छापणारा तिला सापडलेला नाही.

आता ती आमच्या डोंगरातल्या इब्ब शहरात घरोघर फिरून सोलरच्या बॅटऱ्या आणि कंट्रोलर नीट करते. दुकान तिच्या भावाचे होते. पण आमच्याकडे निम्म्या घरांतले पुरुष सौदीला, नाहीतर लढाईवर, आणि बॅटरी नेमकी बायकांच्या आतल्या खोलीत. परक्या पुरुषाने उंबरा ओलांडायचा कसा? म्हणून भाऊ हिला पाठवू लागला. पुढे तोही सीमेपलीकडे गेला आणि हत्यारे हिच्याकडे राहिली. हात फार चांगला, पण जीभ गिऱ्हाईक टिकू देत नाही. मी निवृत्त झाल्यापासून ती मला सोबत नेते. मी किश्र, म्हणजे कॉफीच्या टरफलांचा काढा, पीत घरातल्यांची विचारपूस करते, तोवर ती तिचे काम आणि तिचे चिडणे उरकून घेते.

गेल्या फेब्रुवारीत, दुपारी बाराच्या सुमारास, आम्ही सलामाकडे गेलो. ती मूळची समुद्रकाठची, होदेदाची. तिथले घर सोडून पावसाळा संपता संपता ती इथे डोंगरात आली, तेव्हा बरोबर दोन मुली, एक पॅनल, एक बॅटरी आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेला कंट्रोलर एवढेच होते. पॅनलची वीज बॅटरीत किती भरायची आणि कुठे थांबायचे, हे ठरवणारी ती वहीएवढी पेटी. खोलीच्या कोपऱ्यात मासे ठेवायची थर्माकोलची पेटी होती, आत मोटारीचा दिवा आणि दिव्याच्या उबेला साठ अंडी. अंडी उबवायला ठेवून त्या दिवशी बारावा दिवस होता.

"रोज उजाडायच्या दोन तास आधी दिवा जातो, खाला," सलामा मला म्हणाली. "तीन रात्री झाल्या. मी आणि मुली अंडी रजईत घेऊन पोटाशी धरतो. कूस बदलायची सोय नाही."

"हाजी मुकबिल काय म्हणाला?" वहीबाने विचारले. हाजीचे बाजारात बॅटऱ्यांचे मोठे दुकान आहे.

"बॅटरी मेली म्हणाला. उद्या सकाळी गाडीवाला पाठवतोय. जुनी नेणार, नवी ठेवणार. बदल्यात ह्या खेपेची सगळी पिल्लं."

"बघितली त्याने?"

"तो आत कसा येईल? दुकानातूनच सांगितलं."

"दुकानातून!" वहीबाने अंगावरचा बुरखा खुंटीकडे भिरकावला, तो खाली पडला. "वैद्यबुवांनी रस्त्यावर उभं राहून नाडी बघितली! त्याला शिसं पाहिजे, शिसं. वजनावर विकतो मेला. ह्या गावात त्याने आजवर एक तरी बॅटरी जिवंत आहे म्हटलंय का, विचारा बाई, विचारा!"

मी कुणाला विचारणार? मी किश्रचा घोट घेतला.

वहीबाने बॅटरीची सहाही बुचे काढली आणि काचेच्या पिचकारीने एकेका कप्प्यातले आम्ल ओढून पाहिले. आतला तरंगता काटा सगळीकडे खाली बसत होता, पण सहाही ठिकाणी सारखाच.

"बघा," ती म्हणाली. "मरणारी बॅटरी एका कप्प्यात मरते. ही सगळीकडे सारखी खंगली आहे. हिला आजार नाही. हिला कोणी पोटभर जेवू घातलेलं नाही."

मग ती कंट्रोलरपाशी गेली. बाहेर लख्ख ऊन होते. पडद्यावर आकडा होता तेरा पॉइंट आठ, आणि बाजूला बॅटरी भरल्याची खूण. भर दुपारी वरचे पॅनल रिकामे बसले होते.

"तेरा पॉइंट आठला भरली म्हणतो! थंडीत! कुठल्या गाढवाने लावलाय हा आकडा?"

"माझ्या नवऱ्याने," सलामा म्हणाली.

तिचा नवरा शूई मासेमारीच्या बोटीवरचा यंत्रवाला. चार वर्षांपूर्वी बोट गेली ती गेली, कुणी काही सांगत नाही. हे मला माहीत होते, वहीबाला नव्हते. तिच्या बोटाने बटण गाठले होते. सलामाने पुढे होऊन तिचे मनगट धरले.

"हात लावायचा नाही."

"अगं, अंडी मरतील!"

"मरू देत. हे त्याने लावलंय. त्याच्यानंतर कुणी बटण दाबलेलं नाही. चार वर्षं ह्याच आकड्यावर घर चाललं. उन्हाळ्यात चाललं, बाँब पडत होते तेव्हा चाललं. तू कोण गाढव म्हणणारी? तू नीघ."

"निघते! हाजीला दे बॅटरी, पिल्लं दे, उद्या कातडं दे!"

दोघींचे आवाज असे चढले की मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. मी एकतीस वर्षे वर्ग सांभाळले आहेत. दोन्ही बाजू चिडल्या की साधा प्रश्न विचारावा एवढे मला कळते.

"सलामा, तिकडे ही बॅटरी कुठे ठेवलेली असायची?"

"चुलीच्या भिंतीला लागून," ती अजून मनगट धरूनच होती. "दुसरी जागा नव्हती. उन्हाळ्यात तर हात टेकवत नव्हता तिच्यावर."

मनगट सोडवून वहीबा खाली बसली आणि तिने बॅटरीच्या अंगावर तळवा ठेवला. इथे बॅटरी दगडी फरशीवर होती, उत्तरेच्या भिंतीशी, विहिरीतल्या कळशीसारखी गार. तिचे ओठ हलू लागले. सातवीत तोंडी हिशेब करतानाही ती तसेच करायची.

"चौदाच्या वर लावलं असतं, तर तिकडे पाणी उकळून गेलं असतं," ती म्हणाली. "गरम बॅटरीला कमी लागतं, गार बॅटरीला जास्त. ह्या पेटीला बॅटरीची ऊब कळत नाही, ती कळणारी तार हिला नाही. मग त्याने डोक्याने हिशेब केला. अगदी बरोबर केला." ती सलामाकडे न बघता बोलत होती. "दिवा आपोआप बंद व्हायचा आकडाही त्याने वर ठेवलाय, बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून. गाढव नव्हता तो."



एकाएकी वहीबाने स्वतःच्या कपाळावर थाड्कन हात मारला. "गेल्या हिवाळ्यात वरच्या आळीतली उम्म निझार. तीही होदेदाचीच. हाच आकडा होता! मी म्हटलं, बॅटरी गेली. मीच हाजीकडे पाठवली, बाई. ह्या तोंडाने!" तिने पक्कड फरशीवर इतक्या जोरात आदळली की पकडीची एक मूठ तडकली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तार असलेला नवा कंट्रोलर येतो. ऊब ओळखून आपला आपण बदलतो. पिल्लं विकलीस की तो घे."

"नको. हाच राहील."

"मग दर थंडीला वर आणि दर उन्हाळ्याला खाली करावं लागेल. हाताने. विसरलीस तर पुन्हा हेच."

"मला सांग कसं करायचं. तू दाबू नकोस."

वहीबाने पेन्सिल काढून आधी जुने आकडे भिंतीच्या चुन्यावर लिहिले, एकाखाली एक, आणि वर शूईचे नाव. मग सलामाने स्वतःच्या बोटाने बटण दाबून धरले, आकडा लुकलुकायला लागला, आणि तिने बटण दहा वेळा दाबत तो चौदा पॉइंट आठवर नेला. प्रत्येक दाबणीला ती वहीबाकडे अशी बघत होती की मला वाटले, दहाव्याला मारणार. बॅटरीतून बारीक सळसळ ऐकू येऊ लागली. वहीबाने कप्प्यांत शुद्ध पाणी भरले आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा हाजीचा गाडीवाला दारात उभा होता. सलामा पडद्याआडून कडाडली, "अर्धा तास! अर्धा तास आधी गेला तुझा दिवा!"

"काल दोन तास आधी जात होता!" वहीबाही तेवढ्याच जोरात. "चार महिन्यांची उपाशी बॅटरी एका दुपारीत धडधाकट होते का? चार-पाच दिवस दे."

"आणि अंडी?"

"चार-पाच दिवस अर्धा-अर्धा तास पोटाशी घे."

"भाभी, बॅटरी देता ना?" गाडीवाला म्हणाला. "हाजी म्हणालेत, आज नाही दिली तर हा भाव राहणार नाही."

पडदा हलला नाही. मी सलामाला ओळखत होते तेवढ्यावरून मला वाटले, ती देणार. साठ पिल्लांच्या बदल्यात रात्रीची झोप, कोण नाही म्हणेल?

"हाजीला सांग," आतून आवाज आला, "आत येऊन बॅटरी बघायची तर आधी माझ्या घरचा पुरुष शोधून आण. मग मेली की जिवंत ते बोल."

गाडीवाल्याला काही कळले नाही. तो रिकामी गाडी खडखडवत उतारावरून गेला.

पाचव्या रात्रीपासून दिवा सूर्य उगवेपर्यंत टिकू लागला. एकविसाव्या दिवशी बेचाळीस पिल्ले फुटली. सलामाच्या मुली आनंदाने नाचत होत्या. वहीबा मात्र उरलेली अठरा अंडी घेऊन अंगणात बसली आणि एकेक फोडून पाहू लागली. ज्यांतल्या पिल्लांना पिसे कमी होती ती डावीकडे, जास्त वाढलेली उजवीकडे.

"काय करतेस हे?" सलामा ओरडली. "घाण झाली सगळी!"

"डावीकडची तेरा हाजीच्या वेळची, मी येण्याआधी मेलेली," वहीबा म्हणाली. उजवीकडच्या पाचांवरून तिची नजर हलत नव्हती. "ही माझी. मी त्या अर्ध्या तासासाठी माझी बॅटरी आणून जोडायला हवी होती. का नाही सुचलं मला? का नाही सुचलं?"

"पुरे आता. हात धू," सलामा म्हणाली. "आणि उम्म निझारकडे कधी जायचं ते सांग. मी येते बरोबर."