चांदणीशी बोलणारी पार्वतम्मा

पार्वतम्माच्या तोंडाला विसावा नव्हता आणि काळजीलाही. अख्ख्या औशाला हे ठाऊक होतं. दूध उतू जाईल, आडाचा कठडा ढासळेल, पोरगी शाळेतून येताना यष्टीखाली सापडेल, असली सगळी संकटं ती आधीच बोलून टाकायची. बोलून टाकली की ती येत नाहीत, असा तिचा पक्का समज. किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता तिचा नवरा शिवमूर्ती गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमची बाई झोपेतसुद्धा इचारती, कडी लावली का म्हणून."

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस रुसून तीन. नव्या जिल्ह्याबरोबर रिक्षा आल्या, टांग्यात कुणी बसेना. त्यात कडबा मिळेना. टांगेवाल्यांनी मग घोडी वेशीबाहेर मोकळी सोडली. त्यातली सहा घोडी गुरुबसप्पांनी गोळा केली आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आणून बांधली. गुरुबसप्पा जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, नुकतेच निवृत्त झालेले. हाताखाली माणूस नाही, म्हणून त्यांनी शाळेतली मोठी पोरं बोलावली. त्यांचा नियम एकच: ज्याला जे आलं, त्यानं ते नव्या पोराला शिकवायचं.

पार्वतम्माची पंधरा वर्षांची दानम्मा त्यात सगळ्यांच्या पुढं. आईनं जाऊ दिलं होतं, पण अट घालून. "एक लाथ. कुणालाबी एक लाथ बसली, की तुझं जाणं बंद." दानम्मानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून शब्द दिला होता.

चार दिवसांपासून पोरीचं जेवणावर लक्ष नव्हतं. चांदणी नावाच्या घोडीच्या मागच्या खुरात खडा रुतला होता आणि ती कुणाला पाय धरू देत नव्हती. खडा निघाला नाही तर खूर सडेल, असं गुरुबसप्पा म्हणाले होते. रविवारी दानम्मा भाकरी न घेताच पळाली. पार्वतम्माला निमित्त मिळालं. भाकरीचं फडकं घेऊन ती शेडवर गेली आणि दारातच थबकली.

आत पलीकडं गुरुबसप्पा आणि बाकीची पोरं दुसऱ्या घोड्यांना चारा घालत होती आणि दानम्मा वर्गातल्या नरसिंगला चांदणीजवळ शिकवत होती. नरसिंग शेतकऱ्याचा पोरगा, बैलांत वाढलेला.

"आधी खांद्यावर हात. मग हात न उचलता मागं सरकायचं," दानम्मा सांगत होती.

"मला नको शिकवू. आमच्याकडं चार बैलं हायत."

"ही बैल न्हाई."

"शिंगं न्हाईत, येवढाच फरक."

दानम्मा खरारा आणायला वळली. चांदणी जागची हलेना, तसं नरसिंगनं घरी बैलाला करतात तेच केलं. शेपूट धरली आणि पिरगाळली.

लाथ अशी आली की दिसलीच नाही. नरसिंग बाजूला कोलमडला म्हणून वाचला. टँकरच्या पाण्यानं अर्धी भरलेली बादली मात्र भिंतीवर जाऊन आदळली.

"अगं माझे आई!" पार्वतम्मा ओरडत धावली, ती थेट घोडीच्या मागं.

"अव्वा, थांब! तिथंच!" दानम्माचा आवाज एवढा चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. "बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीपण! बारा वर्षं झापडं लावून टांगा ओढलाय तिनं. मागं कोण हाय ते तिला आवाजावरूनच कळतं. गप्प राहू नको!"

पार्वतम्मा होती तिथंच उभी राहिली आणि तिचं तोंड सुरू झालं. "बाई गं, मी दानूची आई. भाकरी आणलीय. घरी चुलीवर वरण तसंच ठेवून आले, करपलं असंल. मांजर शिरलं असंल. ह्यांनी दुकान उघडं टाकलं असंल. तू तरी नीट उभी राहा बाई, तुझ्या पायाला काही झालं तर…"

चांदणीचे कान हळूहळू मागं वळले. मान खाली आली. तिनं लांब श्वास सोडला.

"काकू, थांबू नका," भिंतीला चिकटलेला नरसिंग कुजबुजला.

तिला थांबायचं कुठं ठाऊक होतं! ती आड, यष्टी, साप, विंचू करत राहिली. तेवढ्यात दानम्मानं खांद्यापासून हात सरकवत नेला, मागचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि चिमट्यानं खडा काढला. बोराएवढा खडा! पोरांनी आवाज न करता हात वर करून नाच केला.

मग दानम्मा आईसमोर येऊन उभी राहिली. अट दोघींच्याही ध्यानात होती.

पार्वतम्मानं चेपलेल्या बादलीकडं पाहिलं. "मी 'कुणालाबी' म्हणले होते. गुरुबसप्पा, बादली कुणात धरायची?"

"बादली म्हंजे भांडं, बाई. भांड्यात धरायची."

"मग जाऊ दे." ती पदरानं घाम पुसत नरसिंगकडं वळली. "आणि तू रे! शेपटीला हात लावलास तर मीच लाथ घालीन. आधी बोलायचं, मग जवळ जायचं. कळलं?"

गुरुबसप्पा हसले. "आलं तुम्हाला. आता नियमानं तुम्ही शिकवायचं. दर रविवारी या."

"मला कुठं येळ?" असं म्हणता म्हणता तिचा हात चांदणीच्या पाठीवर गेलासुद्धा. "नरसिंग, पुढच्या रविवारी तुझ्या आईला आण. बोलती का रे ती?"

"बोलती की," नरसिंग म्हणाला. "पर तुमच्यासारखी न्हाई, काकू. ती मधी श्वास घेती."