झेंडे कोणी कापायचे?

"मावशी, रफिकचाचांनी कापलेल्या कापडाला मी यापुढे हात लावणार नाही," असं म्हणून संदीप इस्त्री बंद करून बसला.

शनिवार पेठेत माझं झेंडे शिवायचं दुकान आहे. भगवे, निळे, हिरवे, ज्याची ऑर्डर येईल ते. तेव्हा माझ्याकडे इस्त्रीला असलेल्या संदीपच्याच संघटनेची मोठी ऑर्डर होती आणि मिरवणूक तोंडावर आलेली. रफिक आमचा कटर. म्हणजे कापडाचे थर एकावर एक अंथरून मशिनने एकदम कापणारा. हात हलला की अख्ख्या ढिगाची पोतेरी होतात.

"रफिकने तुझं काय वाकडं केलं?"

"त्यांनी काही नाही. पण त्यांच्या लोकांमुळे आपल्या पोरांना कामं मिळत नाहीत. दादा म्हणतात."

दादा म्हणजे संघटनेचे प्रमुख. संदीप आधी हिंजवडीत हाऊसकीपिंगला होता. कंत्राटदाराने काढलं. तो कंत्राटदार रोज टिळा लावायचा, हे मला संदीपनेच सांगितलं होतं. मग दादांनी याच्या गळ्यात उपरणं घातलं, फ्लेक्सवर फोटो छापला. त्याआधी याचा फोटो फक्त आधार कार्डावर होता.

रफिक म्हणाला, "भांडण नको, मावशी. मी घरी बसतो."

"घरी बसून खाशील काय? काप तू."

संदीपला घेऊन मी दादांच्या ऑफिसात गेले.

"दादा, रफिकला मी काढते. पण मग दुकानात काम उरणार नाही, हा तुमचा माणूस तुम्ही पगारावर घ्या."

"अहो मावशी, ही सेवा आहे. पगार कसला?"

"तुमचे चिरंजीव असतात का सेवेत?"

"त्याची परीक्षा असते."

"बारा महिने?"

दादा फोनमध्ये बघू लागले.

"बरं. पण रफिक गेला की माझ्याकडे कटर नाही. झेंडे मिरवणुकीनंतर मिळतील."

दादा ताठ बसले. "असं नका करू! चाचांनाच कापू द्या. मागच्या वेळी दुसरीकडून आणले, तर एकाचं टोक वर, एकाचं खाली. व्हिडिओत फार वाईट दिसलं."

संदीप माझ्या शेजारी उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

दुकानात परतल्यावर मी रफिकला सगळं सांगितलं. रफिक इतका हसला की मशिन थांबवावं लागलं. मग कापलेला गठ्ठा संदीपपुढे सरकवून म्हणाला, "टोकं नीट दाब. तुझ्या दादांचा व्हिडिओ असतो." संदीपलाही हसू आलं. त्याने इस्त्री लावली.

झेंडे वेळेवर गेले. संदीप मिरवणुकीत नाचला, तो त्याचा प्रश्न. मंगळवारचा उपासही करतो. शुक्रवारी रफिक नमाजाला गेला की कटिंगला आता संदीप उभा राहतो. रफिकनेच शिकवलं.

लोक म्हणतात, गरिबीने पोरं बिघडतात. गरीब रफिकही आहे. पण ज्याला दिवसभरात कोणी विचारत नाही, त्याला पहिला विचारणारा देव वाटतो. म्हणून मी संदीपला रोज दुपारी विचारते, "जेवलास का?" याला काही अक्कल लागत नाही. दादांनी ते माझ्याआधी केलं, एवढीच त्यांची हुशारी.