माझ्या बाजूला बॉल येत नाही

अमेरिकन फुटबॉल मी आवडीने बघायला लागलो असं मी चारचौघांत सांगतो. ते खोटं आहे. मी तो दहावीच्या भूगोलासारखा पाठ केला. कॅनडातल्या विंडसरला नवीन आलो तेव्हा नवख्या लोकांसाठी एक फुकटचा वर्ग होता. तिथल्या बाई म्हणाल्या, इथे नोकरी कामावर मिळते, पण टिकते कॉफी मशीनपाशी. सोमवारी सकाळी तिथे रविवारच्या मॅचबद्दल दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. मी चिंचवडचा माणूस. दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत म्हटल्यावर मी चाळीस वाक्यांची तयारी केली. महिनाभरात कॉफी मशीनपाशी मी गोऱ्यांना त्यांच्याच खेळाचे नियम समजावून सांगू लागलो, आणि ते आपापली कॉफी घेऊन टेबलावर परतू लागले. मला वाटलं, कामसू लोक आहेत.

उरला एकच जण. वसईचा. ख्रिश्चन, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच इंजिनिअर. आमची कंपनी गाडीच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवायची. आम्ही दोघं गिऱ्हाईक सांभाळायचो. दारं जुळवणारे दोन मोठे कारखाने आमचा माल घ्यायचे. एक नदीपलीकडे, अमेरिकेत डेट्रॉइटच्या बाजूला, तो त्याचा. दुसरा आमच्यापासून गाडीने दहा मिनिटांवर, तो माझा. पट्टी सैल निघाली, कुठे फाटली, की तिथून फोन यायचा. फोन आला की निस्तरायचं, एवढंच आमचं काम.

दर रविवारी मी त्याच्या बेसमेंटमध्ये मॅच बघायला जायचो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, फुग्या, ते त्यांच्याकडचे टम्म फुगलेले गोडसर गोळे, तळून वरून पाठवायच्या. तो मला पुणेकर म्हणायचा, मी त्याला वसईकर. आणि सीझन कुठलाही असो, टीम कुठलीही असो, आमचा वाद ठरलेला होता: सगळ्यात भारी कॉर्नरबॅकची जोडी कुठली?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी (आणि ज्यांना माहीत आहे त्यांनाही मी हे सांगतोच) थोडक्यात सांगतो. एक जण बॉल फेकतो, तो क्वार्टरबॅक. त्याचे भिडू लांब धावत जाऊन बॉल झेलतात. त्यांना झेलू द्यायचं नाही म्हणून बचाव करणाऱ्या टीमची दोन माणसं मैदानाच्या दोन कडांना उभी असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. ते कॉर्नरबॅक. समोरचा पुढे पळतो, हे तोंड त्याच्याकडेच ठेवून मागच्या मागे पळतात. चुकले तर अख्ख्या स्टेडियमला दिसतं. बरोबर खेळले तर काहीच घडत नाही, त्यामुळे कुणाला दिसत नाही.

माझी लाडकी जोडी ठरलेली होती. तिच्यातला एक उंच, लांब हातांचा, गर्विष्ठ. त्याच्या बाजूला क्वार्टरबॅक बघायचासुद्धा नाही. तासन्‌तास तो नुसता पळायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. सगळे बॉल दुसऱ्या बाजूला. तिथला दुसरा बिचारा दिवसभर मार खायचा, धापा टाकायचा, शिव्याही त्यालाच.

"याला म्हणतात दरारा," मी म्हणायचो. "अर्धं मैदान एकट्याने बंद करून ठेवलंय."

वसईकराची जोडी मला बघवायची नाही. दोघं बुटके. पोस्टरवर कुणी नाही. पण एकमेकांना सारखे ओरडून सांगायचे, बोटं दाखवायचे, मध्येच आपापली माणसं बदलून घ्यायचे. एक घसरला की दुसरा आधीच तिकडे पळत सुटलेला.

"दोघांनाही बॉल येतात," मी म्हणायचो. "म्हणजे दोघांनाही कोणी घाबरत नाही. सरळ हिशोब आहे."

"अरे पुणेकर, आपण जोडीची तुलना करतोय ना? तू एकाचीच करतोस."

"दुसरा मैदानात असतो म्हणून जोडी म्हणायचं."

"आणि त्याला जे बॉल येतात ते?"

"ते त्याचं नशीब."

वरून त्याची मुलगी ओरडायची, "डॅड, दे आर बोथ ओव्हररेटेड!" मग आम्ही दोघं मिळून तिला मराठीत समजावून सांगायचो आणि ती इंग्लिशमध्ये दार लावून घ्यायची.

गेल्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या ऑफिसमधून मोठा साहेब आला. कॉलेजात फुटबॉल खेळलेला, मान खांद्यात गेलेला माणूस. त्याने आम्हा दोघांना एकदमच सांगितलं: दोन्ही गिऱ्हाइकं आता एकच माणूस सांभाळेल. एक जागा राहील. दोघांशी वेगवेगळं बोलून तो ठरवणार होता. आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये आलो. वसईकर म्हणाला, "जेवलास का?" मी म्हटलं, "हो." तेवढंच बोललो. माझ्या घराचं मॉर्गेज, त्याच्या मुलीचं पुढच्या वर्षीचं कॉलेज, ही दोन्ही त्या कॉरिडॉरमध्ये आमच्याबरोबर चालत होती.

आता आमच्या घरात स्वतःबद्दल चांगलं बोलायची पद्धत नव्हती. बक्षीस मिळालं तरी वडील पाहुण्यांना सांगायचे, "यंदा मुलंच कमी होती स्पर्धेत." इथे इतकी वर्षं दर वर्षीच्या रिव्ह्यूला मी "ठीक आहे, प्रयत्न करतो" एवढंच बोलत आलो होतो. बायको म्हणाली, "अहो, या वेळेला तरी तोंड उघडा. एरवी घरात मिटत नाही." मी ठरवलं, उघडायचं. आणि उघडायचं तर साहेबाच्या भाषेत.

साहेबाने विचारलं, तुझ्या कामाचं एका वाक्यात काय सांगशील? मी खुर्चीत मागे रेललो. त्याआधी मी कधी कुठल्या साहेबासमोर रेललो नव्हतो. म्हणालो, तुमच्याकडे दोन कॉर्नरबॅक आहेत. गेल्या वर्षभरात फोन कुणाकडे किती आले ते बघा. त्याच्याकडे रोज. माझ्याकडे जवळजवळ नाहीत.

आणि मग ते वाक्य, जे मी आरशासमोर घोटून आलो होतो:

"नोबडी थ्रोज टू माय साइड."

साहेबाने हातातलं पेन खाली ठेवलं. मग खदाखदा हसला. "आय लव्ह दॅट," म्हणाला, आणि उठून माझा हात हातात घेतला. त्याने वाक्य लिहूनही घेतलं. मला वाटलं, झालं काम.

त्या रविवारी मी बेसमेंटमध्ये जे केलं ते आठवलं की आजही मला जेवण जात नाही. मी वसईकराच्या खांद्यावर हात ठेवला. नोकरी जाणार असलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. म्हणालो, "ब्रॅम्पटनला माझा मावसभाऊ आहे, ट्रकिंग कंपनीच्या ऑफिसात. तुझा रेझ्युमे पाठव, मी बोलतो." वर आणखी म्हणालो, "माणसाने कमीपणा मानायचा नाही."

त्याने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. "बरं," म्हणाला. "फुग्या घे, गार होतायत."

पुढच्या गुरुवारी मला काढलं.

साहेबाने सभ्यपणे केलं. एचआरची बाई शेजारी, टेबलावर टिश्यूचा डबा, माझ्या बाजूला सरकवलेला. मी विचारलं, का? माझ्या बाजूला तर काही तक्रारच नव्हती. साहेब म्हणाला, तूच सांगितलंस की तिकडे कुणी बॉल टाकत नाही. मग तिकडे माणूस कशाला ठेवू? मला माणूस जिथे बॉल येतो तिथे लागतो. माझंच वाक्य, त्याच्या तोंडून, तसंच्या तसं परत. मराठीत सांगितलं असतं तर त्याला कळलं नसतं आणि माझी नोकरी राहिली असती.

रविवारी बायको म्हणाली, "जाऊ नका." पाच मिनिटांनी म्हणाली, "जा. नाहीतर दिवसभर माझ्याशी भांडाल." मी गेलो. वसईकराने दार उघडलं आणि माझं जॅकेट घेऊन खुंटीला लावलं. मला त्याचाच राग आला. वाईट माणसाने नोकरी घेतली असती तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

मॅच चालू होती. मी म्हटलं, "अभिनंदन."

"गप रे."

"नाही, खरंच. बॉल येणाऱ्यांचे दिवस आलेत."

त्याने फुग्यांची ताटली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "पुणेकर, एक विचारू? तुला फोन का येत नव्हते, माहितीय तुला?"

"माल चांगला जायचा म्हणून."

"माल एकाच मशीनवरचा होता. दोघांचा."

तो सांगू लागला. माझ्या गिऱ्हाइकाकडचा सुपरवायझर सुरुवातीला मलाच फोन करायचा. पण फोन केला की मी पहिल्यांदा चूक आमची कशी नाही ते सिद्ध करायचो. फोटो मागवायचो. ड्रॉइंग काढून दाखवायचो की पट्टी बरोबर आहे, तुमच्या दाराचीच कड वाकडी आहे. आणि ते बहुतेक वेळा खरंही असायचं, हे मी आजही सांगतो. पण तोवर त्यांची असेंब्ली लाइन बंद पडलेली असायची. शेवटी त्या सुपरवायझरने वसईकराचा नंबर मिळवला. हा फोनवर आधी सॉरी म्हणायचा, नंतर विचारायचा काय झालं. नदीपलीकडचं काम आटपून परत येताना तिथे थांबायचा, हातमोजे घालून पेट्यांमधल्या खराब पट्ट्या वेगळ्या करायचा आणि मग घरी यायचा. म्हणून रविवारी मॅच बघताना त्याचा डोळा लागायचा. मी त्याला म्हणायचो, तुला खेळाची खरी आवड नाही.

"किती दिवस चाललं होतं हे?"

"दोनेक वर्षं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? फोन आलेच नाहीत हे सिद्ध केलं असतंस."

माझ्याकडे उत्तर होतं. उत्तर माझ्याकडे नेहमीच असतं. पण तेवढ्यात स्क्रीनवर कुणीतरी झेल घेतला, वरच्या मजल्यावर त्याची मुलगी ओरडली, आणि माझं उत्तर राहून गेलं.

"आणि साहेबाला सांगितलंस तू हे?" मी विचारलं.

"साहेबाने विचारलं, तुझ्या जोडीदाराबद्दल काय मत आहे. मी म्हटलं, हुशार आहे. आम्ही दोघं आहोत म्हणून चाललंय, एकाला जमणार नाही."

"मग?"

"मग काय. तू त्याला म्हणालास की एकालाच जमतं."

निघताना वहिनी फुग्यांचा डबा घेऊन जिन्यापर्यंत आल्या. "भाऊजी, घेऊन जा, घरी खा." मी म्हटलं, नको, पोट भरलं. तो डबा मी घ्यायला हवा होता. त्यानंतर मी त्या बेसमेंटमध्ये गेलेलो नाही. दर रविवारी त्याचा मेसेज येतो, 'येतोस?' मी अंगठा पाठवतो. त्या अंगठ्याचा अर्थ त्याला काय लागतो ते त्याचं त्याला माहीत.

नोव्हेंबर गेला. मी अर्जांवर अर्ज करत राहिलो. ग्वेल्फला एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला. बर्फातून तीन तास गाडी हाकत गेलो. तिथल्या बाईने विचारलं, आधीची नोकरी का सुटली? मी पाऊण तास बोललो. ती म्हणाली, कळवू. आता माझ्या बाजूला खरोखरच कुणी बॉल टाकत नव्हतं. फोन समोर ठेवून मी दिवसभर दरारा अनुभवत होतो.

नाताळच्या आधी वसईकर सहकुटुंब वसईला गेला. त्याच आठवड्यात एका सकाळी मी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ फावड्याने काढून आत आलो आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा. माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा तोच सुपरवायझर. वसईकराचा फोन लागत नव्हता, कंपनीत सगळे सुट्टीवर, म्हणून त्याने कुठूनतरी माझा स्वतःचा मोबाइल नंबर शोधला होता. मला काढलंय हे त्याला माहीत नसावं. डाव्या बाजूच्या पट्ट्या बसत नाहीत, लाइन थांबलीय, प्लीज काहीतरी कर, असं तो म्हणत होता. इतक्या आठवड्यांनी कुणीतरी मला प्लीज म्हणत होतं.

मी सांगू शकलो असतो की मी आता तिथे नाही. गाडीत बसून दहा मिनिटांत जाऊही शकलो असतो. हातमोजे हातातच होते, बर्फाने भिजलेले.

मी म्हटलं, "फोटो पाठव."

त्याने पाठवले. मी ते मोठे करून बघितले. चष्मा पुसून पुन्हा बघितले. मग त्याला नीट, शांतपणे, एकेक मुद्दा घेऊन समजावून सांगितलं. पट्टीत काही दोष नाही, दाराची वरची कडच बाहेर आलीय, चौथ्या फोटोत अगदी स्पष्ट दिसतंय. तो मध्ये काही बोलू बघत होता, मी बोलू दिलं नाही. शेवटी तो "ओके, ओके" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी जिंकलो होतो. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कुणाचा फोन होता एवढा वेळ?"

"गिऱ्हाइकाचा," मी म्हटलं.

ती माझ्या ओल्या हातमोज्यांकडे बघत उभी राहिली.

"कुणाच्या?"