खुंटी सरांची छत्री

अंबडच्या कॉलेजात आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सरांकडे एक लेडीज छत्री होती. जांभळी, वर पांढरी फुलं, मुठीला नाजूक दोरी. माणूस चांगला उंचापुरा, झुपकेदार मिशांचा, आणि काखेत ही असली छत्री! उन्हाळा असो की थंडी, छत्रीशिवाय सर कधी दिसले नाहीत. बरं, ती उघडायची म्हणाल तर तेही नाही. एकदा गेटापाशीच भुरभुर सुरू झाली, तर सरांनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि छत्री काखेत तशीच मिटलेली ठेवून वर्गावर आले.

सरांना सगळं कॉलेज खुंटी सर म्हणायचं, ते मात्र छत्रीमुळे नव्हे. कथा-कवितेतलं प्रतीक म्हणजे भिंतीतली खुंटी, असं त्यांचं म्हणणं होतं. "आधी खुंटी ठोक. भिंतीत घट्ट बसली का बघ. मंग टांग तिच्यावर काय टांगायचं ते. न्हाई तर अर्थासकट खाली येती." हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आम्ही म्हणून दाखवलं असतं.

आम्ही पोरं गाइडवाली. गाइडात सगळं कसं सोपं असायचं: कंदील म्हणजे आशा, पिंजरा म्हणजे गुलामी, नदी म्हणजे जीवन. एकदा एका कथेत शेवटी कंदील विझतो, तर सरांनी विचारलं, "का विझला?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "आशा मावळली, सर!" सर कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. "आरं, घासलेट संपलं! ते आणायला जो जाणार होता तो आला न्हाई. म्हातारी अंधारात बसून राह्यली. आधी त्या अंधारात दोन मिनटं बसा ना तिच्यासंगं. आशा कुठं पळून जाती का?" मग म्हणाले, "मोंढ्यात गेल्यावानी करता तुम्ही. कापूस काय भाव, कंदील काय भाव!" आम्ही हसलो खरं, पण ती कथा घरी जाऊन पुन्हा वाचली तेव्हा मला त्या म्हातारीच्या घरातला अंधार दिसला, आणि आशा कुठे मावळली तेही आपोआप कळलं.

एका कवितेत पिंपळ आला होता. माझ्या बाकावर सुजाता बसायची. ती म्हणाली, "सर, आमच्या घरात पिंपळपानाची तसबीर हाये. पिंपळ म्हणजे बुद्ध, शांती." मी लगेच उठले, "न्हाई सर, आमची आजी तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाऊ देत न्हाई. मुंजा ऱ्हातो तिथं!" आमचं घराणं मेंढरामागं फिरलेलं, झाडाखाली मुक्काम करणारं. कुठल्या झाडाखाली झोपायचं नाही हे आमच्यात आधी शिकवतात. वर्ग हसायला लागला, तसे सर छत्रीनं टेबल वाजवत म्हणाले, "हसू नका. दोघींचं बराबर हाये. झाड एकच, टांगलेलं येगळं. जे झाड दोघींना दिसतं, तेच कवितेत चालतं." त्या दिवसापासून सुजाता मला मुंजा म्हणायला लागली, ती आजतागायत.

आता असं शिकवल्यावर आमच्यासारख्या पोरींचं काय होणार? दिसेल त्या वस्तूत अर्थ शोधायचं येडच लागलं. आणि सगळ्यांत मोठी वस्तू रोज सरांच्या काखेत! सुजातानं आणि मी मिळून तिचा छडा लावला. छत्री बायकांची. ती उघडत नाहीत. सरांच्या घरी कुणी बाई कधी दिसली नाही. डबा ते स्वतःच्या हातानं करून आणतात. आणि एकदा रिकाम्या झोपाळ्याची कविता शिकवताना त्यांचा आवाज दाटून आला होता. सगळं जुळलं! छत्री गेलेल्या बायकोची. दोघी डोळे पुसत बसलो. सरांना जाऊन विचारावं, एवढी साधी गोष्ट काही आमच्या डोक्यात आली नाही. प्रतीकाला कुणी विचारतं का?

सर रिटायर झाले ते आमच्या शेवटच्या वर्षाला. निरोपाच्या कार्यक्रमात मुलांच्या वतीनं मी बोलायचं ठरलं. माझ्यासाठी ते नुसतं भाषण नव्हतं. मला पुढे एम.ए. करायचं होतं, आणि माझे वडील, आमचे अण्णा, ना हो म्हणत होते ना नाही. शेवटी म्हणाले, "म्या येतो तुझ्या कार्यक्रमाला. चार लोकांत काय बोलती ते बघतो, मंग ठरवू." म्हणजे माझं सगळं शिक्षण त्या एका भाषणावर टांगलेलं. घनसावंगीहून सकाळच्या एसटीनं अण्णा आले. पांढरा फेटा बांधून हॉलच्या अगदी मागच्या खुर्चीत बसले. पुढच्या रांगेत सरांशेजारी एक बाई होत्या, नवी पैठणी नेसलेल्या. सरांची बहीण असणार, असं मी धरून चालले.

आणि मी सुटले! छत्रीवरच बोलले, झोपाळ्याच्या कवितेला दाटलेला सरांचा आवाजही त्यात घातला. म्हणाले, "आम्हाला सरांनी पुस्तकातली प्रतीकं शिकवली, पण सर्वांत मोठं प्रतीक त्यांच्या काखेत होतं. ही छत्री सर कधीच उघडत नाहीत. कारण ज्यांच्या डोक्यावर ती धरायची, ती माणसं निघून गेली की मागे नुसतं ऊन राहतं." हॉलमध्ये रुमाल निघाले. मागे अण्णा उपरण्यानं डोळे पुसताना दिसले, तसा मला आणखी चेव आला. "सरांच्या दिवंगत पत्नीला आज आपण सर्वांनी..."

"अहो," पैठणीवाल्या बाई सरांकडे वळून म्हणाल्या, "मी कधी गेले?"

धरणीमाय, पोटात घे! मॅडम धावड्याच्या शाळेत शिक्षिका होत्या, तिकडेच खोली करून राहायच्या आणि शनिवारी रात्री अंबडला यायच्या. आम्हाला दिसणार कशा? सगळा हॉल खदखदून हसत होता. प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवायचं नाव घेईनात. मी माइक धरून तशीच उभी, डोळ्यांपुढे एम.ए. पार बुडालेलं.

सर उठले. हसून हसून त्यांच्या मिशा हलत होत्या. "छत्री हिचीच हाये," त्यांनी सांगितलं. "काड्या मोडल्या म्हणून हिनं फेकून दिल्ती, मी उचलली. मटणाच्या दुकानांमागच्या बोळातून येतो ना, तिथं कुत्री अंगावर येतात. त्यांच्यासाठी हाये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् त्या कवितेच्या दिवशी मला सर्दी झाल्ती, बाई. खुंटी न ठोकताच टांगलंस तू. पण काय टांगलंस! हिच्या जितेपणी हिच्यासाठी सगळा हॉल रडला. असं भाग्य कुणाला मिळतं?" मॅडमनी मला जवळ बोलावलं आणि गालावर एक हलकी चापट मारली.

परतीच्या एसटीत अण्णांनी दोघांची तिकिटं काढून उपरण्याच्या गाठीत बांधली. मी खिडकीबाहेर उसाकडे बघत बसलेली. मग त्यांनी विचारलं, "त्या बाई म्होरंच बसल्या होत्या?"

"हो."

"जित्या?"

"हो ना अण्णा! आता किती लाजवता?"

"आन् म्या त्यांच्यासाठी रडलो." अण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "चुकीचं इतकं बराबर सांगती, तर खरं कसं सांगशील! घे ॲडमिशन."

तर असं माझं एम.ए. झालं. आता मी घनसावंगीला मराठी शिकवते. कुणी पोरगं 'नदी म्हणजे जीवन' म्हणालं की आधी पाणी किती होतं ते विचारते. वर्गात माझंही काहीतरी नाव पडलं असणार, मी चौकशी करत नाही.

गेल्या वर्षी सुजाताचा फोन आला. मॅडम गेल्या. या वेळी खरंच. मी अंबडला सरांकडे गेले. सरांनी स्वतः चहा केला. दाराआडच्या खुंटीवर जांभळी छत्री लटकत होती, आणि तिच्या काड्या नव्यानं बसवलेल्या होत्या. मी मान खाली घालून बशीतला चहा पीत राहिले.

"चोरून बघू नको," सर म्हणाले. "टांग तुला काय टांगायचं ते. आता खुंटी पक्की हाये." मग माझ्या बशीत आणखी चहा ओतत म्हणाले, "भाषण चांगलं होतं तुझं, बाई. जरा लवकर झालं, एवढंच."

मला रडू आवरलं नाही. सरच मला पाणी आणून देत होते.

निघाले तेव्हा सर छत्री घेऊन स्टँडपर्यंत सोडायला आले. मटणाच्या दुकानांमागच्या बोळात नेहमीसारखी कुत्री भुंकत धावून आली. सरांनी छत्री पटकन पाठीमागे घेतली, आणि खाली वाकून दगड उचलला.