मॉलमधल्या बाळाचं टोपडं

रायपूरच्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात नाताळ कुणाच्याच घरी नसायचा. तो मॉलमध्ये असायचा. डिसेंबर उजाडला की बाबा आईला आणि मला स्कूटरवर बसवून 'रोषणाई बघायला' न्यायचे, आणि अर्धं रायपूर त्याच कामाला आलेलं असायचं. दारात एक किडकिडीत सांताक्लॉज उभा असे. त्याच्या दाढीचं इलॅस्टिक कानामागे दिसायचं. तरी पांढरी दाढी पाहून मी पहिल्या वर्षी त्याला वाकून नमस्कार केला होता. त्यानेही "खुश रहो" म्हणत डोक्यावर हात ठेवला आणि टॉफी दिली. आत मोठं झाड, झाडाखाली कापसाचा बर्फ. तो बघून आई दरवर्षी हळहळायची, "येवढ्या कापसात सालभराच्या वाती झाल्या असत्या."

गावाबद्दल कुणी विचारलं तर तलाव, देवळं असं काहीतरी सांगावं लागतं. मला आधी तो मॉल आठवतो. त्याला माझा इलाज नाही.

मी तिसरीत असताना आई दवाखान्यात गेली आणि बाळ न घेता परत आली. भाऊ होता, एवढंच मला सांगण्यात आलं. तो गेल्याबद्दल घरात कुणी बोललं नाही. बोलणं झालं ते टोपड्याबद्दल. बाळ होण्याआधी त्याचे कपडे करून ठेवू नयेत, अशी आपल्यातली रीत. आईने ती मोडून आधीच पिवळ्या लोकरीचं टोपडं विणलं होतं. "मी तं म्हणलंच होतं, पयले विणू नको," असं काकू येईल-जाईल त्याला सांगायची. मला तेव्हा काकूचा राग आला होता, आजही येतो. ते टोपडं आईला टाकवत नव्हतं, आणि दुसऱ्या बाळाला देण्याची सोय नव्हती. असलं टोपडं कोणती आई घेईल? ते कपाटात साड्यांच्या मागे पडून राहिलं.

त्या नाताळात मॉलवाल्यांनी झाडाशेजारी गवताची झोपडी उभारली होती. आत गाय, मेंढ्या आणि गव्हाणीत एक बाळ. कमरेला फडकं, बाकी उघडं. आई त्याच्यासमोर थांबली ती हलेचना.

"काहून हो, याले कोणी काही घातलं नाही? थंडी केवढी पडून राहिली."

"पुतळा आहे तो. चाल," बाबा म्हणाले, आणि उगाच समोरच्या चपलांच्या दुकानाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन रिक्षाने पुन्हा गेली. बाळ बघायला रिकाम्या हाताने जाऊ नये, हीसुद्धा रीतच. तिने पर्समधून टोपडं काढलं, झोपडीभोवतीची दोरी ओलांडली, बाळाच्या डोक्यावर ते चढवलं आणि हनुवटीखाली बंद बांधले. गार्ड धावत आला.

"दीदी, छूना मना है!"

"मम्मी, चलो ना," मी म्हणाले. मराठी मला येत होती, पण ती मॉलमध्ये बोलायची नसते असं माझं मत होतं.

"हो गया भैया," आई म्हणाली. "बच्चे का सिर खुला था."

गार्डने बाळाकडे पाहिलं, मग आईकडे. "हव, ठंड तो है," म्हणाला आणि दोरी सरळ करू लागला.

जानेवारीत सजावट उतरली. कापसाबरोबर टोपडंही कचऱ्यात गेलं असणार, असं मी धरून चालले होते. पण पुढच्या वर्षी मॉलमध्ये शिरल्यावर ती रोषणाईकडे न बघता सरळ झोपडीकडे गेली. बाळाच्या डोक्यावर टोपडं होतं. जरा मळलेलं, पण बंद तिने बांधले होते तसेच. त्या दिवशी तिने सांताकडून स्वतःसाठीही एक टॉफी मागून घेतली.

तेव्हापासून आमचा नाताळ म्हणजे आधी बाळ, मग बाकीचं. एका वर्षी झोपडी वरच्या मजल्यावर हलवली. सरकत्या जिन्याला आई कायम घाबरायची, खालीच बाकावर बसून राहायची. त्या वर्षी तिने निऱ्या उचलल्या, सगळ्यांसमोर बाबांचा हात धरला आणि डोळे मिटून चढली. त्यांनी एकमेकांचा हात धरलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी सजावट नवी आली होती. झोपडी नवी, गाय नवी, बाळही नवं. गुटगुटीत, सोनेरी केसांचं आणि डोक्याने उघडं. जुन्याचं काय केलं, कुणास ठाऊक. बाबांनी पुन्हा चपलांच्या दुकानाकडे तोंड फिरवलं.

"आई, गार्डला विचारू?" मी म्हणाले. मॉलमध्ये मी पहिल्यांदाच मराठी बोलत होते.

तिने दोरीवरून वाकून बाळाकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मोठा झाला असन आता. लहान होत असन ते टोपडं त्याले."