शेवंताचा चोरखिसा

वैशालीचा फोन आला तेव्हा मी शेवंताच्या पावसाळी पँटची उंची कमी करत होतो. "बाबा, आई टेकडीच्या चढावर बसली ती उठलीच नाही," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मला आधी खोटंच वाटलं. म्हटलं, पाय मुरगळला असेल आणि ह्या दोघी मायलेकी माझ्यापासून लपवतायत. माझा स्वभावच तसा. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या पायांत ते नवे बूट तसेच होते, नाड्या घट्ट बांधलेल्या... डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं. मग त्याने विचारलं, तंबाखू वगैरे? वैशालीने "नाही" सांगितलं. मी खाली बघत राहिलो.

आज सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेला शिंपी, लिहायची सवय नाही. पण त्या गप्प बसण्याचं सांगायलाच पाहिजे.

आम्ही इथे कोलोरॅडोत मुलीकडे राहतो. वैशाली कॉम्प्युटरमधली, पण ऑफिसातल्या लोकांच्या नादाने तिला शिकारीचं वेड लागलं. यंदा तिला एल्कचं परमिट मिळालं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. पहिलीच वेळ, म्हणून तिने गाईड केला. बंदूक तिची, शिकार तिची. पण शेवंता म्हणाली, मीपण येते. तिचे वडील मेळघाटात फॉरेस्टचे चौकीदार, खुरावरून जनावर ओळखणारे. लहानपणी ती त्यांच्या मागे मागे फिरलेली. इथे पहिल्यांदा एल्क ओरडताना ऐकला तेव्हा खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अहो, हे सांबर तर शिटी मारतं!" त्या दिवसापासून तिचं ठरलेलं. मी तंबूत बसून राहायचं, असं माझंही ठरवून टाकलं त्यांनी.

गाईडने सामानाची यादी पाठवली. मला त्या माणसाचा पहिल्यापासून संशय. यादीत पहिलंच, कापूस घालू नका, थंडीत कापूस जीव घेतो. आमच्या मुलखात जन्मल्यापासून सरणापर्यंत अंगाला कापूस, आणि हा मला शिकवतो! मी एक सुती बनियन आणि एक लोकरीची बनियन ओली केली आणि आळीपाळीने घालून मागच्या अंगणात बसलो. सुतीने दात वाजले. गाईड खरा निघाला, पण मी तसं कबूल केलं नाही. दुकानात पोरगा म्हणाला, जाड मोजे घालायचेत, बूट एक नंबर मोठा घ्या. मला वाटलं, उरलेला माल खपवतोय. जॅकेटं मात्र मी निवडली. बाही कानाशी धरून कापड चोळायचं, सळसळ झाली की परत. जनावर पळतं त्या आवाजाने. दुकानातले लोक बघत राहिले. शेवंता म्हणाली, "बघू दे, माणूस कापडाशी बोलतोय म्हणतील." मग शिकारीच्या भगव्या टोप्या आल्या. जनावराला हा रंग नीट दिसत नाही म्हणे. मी म्हटलं, "गाईडला कोणी सांगितलं? जनावराने?" तर ही म्हणते, "काहून हो, जाऊन विचारून या ना!"

शेवटची अट वासाची. अंगाला, कपड्याला कसलाच वास नको. आमच्या घरात रोज हिंगाची फोडणी! शेवंताने सगळे कपडे बिनवासाच्या साबणात धुतले, जंगलाचा वास लागावा म्हणून झाकणाच्या डब्यात देवदाराच्या डहाळ्या टाकून भरले आणि डबा गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. केसांचं तेल बंद केलं. वैशालीने गाईडला विचारलं, जेवायला काय? तो म्हणाला, डब्यातला राजमा. शेवंता माझ्या पोटाकडे बघून हसली.

त्याच आठवड्यात ती लोकरीचा आतला सदरा घेऊन आली. "याला आतून चोरखिसा लावा. चेन नको, वाजते."

"काय ठेवणार?"

"तुम्हाला काय करायचं? शिंप्याने माप विचारावं, माल विचारू नये."

माझ्या डोक्यात लगेच मशेरी आली. तरुणपणापासून ती दातांना मशेरी लावायची. डबी माझ्या मशीनच्या खणात, बॉबिनांच्या मागे लपवायची. ब्लड प्रेशर निघालं तेव्हा सोडली. पुन्हा एकदा तांदळाच्या डब्यात सापडली, तेव्हा लेकीची शपथ घेऊन सोडली. मी खिसा शिवला, पण टोमणा मारला, "जंगलात मशेरी लावायची असेल!" ती सदरा घेऊन गॅरेजमध्ये गेली. दुसऱ्या दिवसापासून ओझ्याची सवय व्हावी म्हणून पाठीवर तांदळाची पिशवी बांधून, नवे बूट पायात रुळवायला वैशालीबरोबर टेकडी चढायला लागली, आणि मला सोबत चल म्हणाली नाही.

ती गेल्यावर मी बुटांवर संशय घेतला, टेकडीवर घेतला, गाईडवर घेतला. पण रात्रंदिवस आत एकच... तिने शपथ मोडली होती का? लेकीची शपथ? गॅरेजमधला तो कपड्यांचा डबा उघडायचं धाडस होईना.

तीन आठवड्यांपूर्वी उघडला. सदरा नाकाशी धरला. इतकी वर्षं संसार केला त्या बाईचा कपडा, आणि तिचा कसलाच वास नाही. धुऊन काढला होता सगळा. मग चोरखिशात बोटं घातली. एक पुरचुंडी लागली, माझ्याच जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाच्या चिंधीची. सोडली... ओवा. भाजलेला, सैंधव लावलेला. शेवंताला ओव्याचा वाससुद्धा चालत नसे. पोट माझं फुगतं. गाईडचे सगळे नियम पाळून तिने तेवढा एक मोडला होता, राजमा खाणाऱ्या माझ्यासाठी.

मी वैशालीला हाक मारली. म्हटलं, "डॉक्टरला तू खरं सांगितलंस. मीच आईवर संशय घेतला." ती म्हणाली, "बाबा, तिला माहीत होतं. टेकडीवर हसायची त्यावर."

आता रोज जेवण झालं की गॅरेजमध्ये जातो, चिमूटभर ओवा तोंडात टाकतो, पुरचुंडी परत खिशात ठेवतो. निम्मी झाली तेव्हा वैशाली म्हणाली, दुकानातून आणून भरूया. मी म्हटलं, हात लावायचा नाही. ती ऐकणार नाही असा मला संशय होता, म्हणून गाठ माझ्या पद्धतीने, दुहेरी मारून ठेवली. परवा बघतो तर गाठ एकेरी, दुसऱ्या हाताची. पुरचुंडी काठोकाठ भरलेली.

मी चिमूटभर ओवा तोंडात टाकला आणि गाठ या वेळी एकेरीच मारली. शिंप्याने माप विचारावं, माल विचारू नये.